टॉक शोचा होस्ट मोठा कशाने होतो? आधी खुर्ची बघा, मग करार

तुमचा प्रश्न असा: "टेलिव्हिजनच्या इतिहासातले सर्वांत प्रभावी टॉक शो होस्ट कोण आणि त्यांची कारकीर्द कशी घडली? मी पत्रकारिता शिकतेय, मुलाखतकार व्हायचंय. म्हणून नुसती नावं नकोत, ते मोठे कशामुळे झाले ते सांगा."

मी या धंद्यात पंचवीस वर्षं आहे आणि त्यातला एकही दिवस कॅमेऱ्यासमोर गेलेला नाही. पाहुण्यांच्या फायली तयार करण्यापासून सुरुवात केली, पुढे निर्माती झाले. रेकॉर्डिंगच्या वेळी पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये बसून होस्टच्या कानात "थांब, बोलू दे त्यांना", "दोन मिनिटं उरलीत", "तो भावाचा किस्सा काढ" असं पुटपुटणारी जी बाई असते, ती मी. त्यामुळे माझं उत्तर जरा आडवाटेनं येईल.

"प्रभावी" म्हणजे काय, ते आधी ठरवू. लोकप्रिय पुष्कळ असतात. ज्याच्यानंतर बाकीच्यांना जुन्या पद्धतीनं कार्यक्रम करणं जमेनासं झालं, त्याला मी प्रभावी म्हणते. अशा माणसांच्या कारकिर्दी उलगडायला बसलं की मला दरवेळी दोन गोष्टी सापडतात. एक, त्यांनी खोलीची मांडणी बदलली: कोण कुठे बसणार, माइक कोणाच्या हातात, प्रेक्षक कुठे. दोन, ज्यांना व्यवहार कळत होता त्यांनी ती मांडणी कागदोपत्री स्वतःच्या नावे करून घेतली. प्रश्न विचारण्याची कला वगैरे त्यानंतर येते.

खुर्चीवर एवढा जोर का, ते माझ्या एका फजितीवरून सांगते. एका मराठी वाहिनीसाठी आम्ही गप्पांचा कार्यक्रम करत होतो. सेट डिझायनरनं हौसेनं गुबगुबीत, खोल बैठकीचा सोफा आणला. पहिल्याच दिवशी पाहुण्या होत्या रंगभूमीवरच्या एक ज्येष्ठ अभिनेत्री, वय सत्तरीच्या पुढे, अंगावर कडक सिल्कची साडी. त्या बसल्या त्या आत रुतल्याच. पाय जमिनीला टेकेनात. एका हाताने सोफ्याची कड धरलेली, दुसऱ्या हाताने पदर. लेपल माइक पदराला घासत होता, म्हणून दर तीन मिनिटांनी साउंडवाला हात वर करायचा. मी होस्टच्या कानात एकेक प्रश्न ओतत होते आणि उत्तरं येत होती, "हो", "तसंच काहीसं", "देवाची कृपा". चाळीस मिनिटांत हाती काही लागलं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत मेकअप रूममधल्या लाकडी खुर्चीवर बसून, चपला काढून, त्यांनी हेअरड्रेसरला नाटकाच्या दौऱ्यातल्या बंद पडलेल्या बसचा किस्सा असा सांगितला की दारात उभे असलेले स्पॉटबॉय हसून वाकले. कॅमेरा अर्थातच तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सोफा परत पाठवला आणि सरळ पाठीच्या, हात असलेल्या दोन खुर्च्या मागवल्या. टेप घेऊन उंची मोजून घेतली.

आता फिल डॉनह्यूकडे येते, कारण माझ्या लेखी दिवसाच्या टॉक शोचा मूळपुरुष तोच.

६ नोव्हेंबर १९६७, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेटन. हे काही हॉलिवूड नव्हे, तिथे फिल्मस्टार मुलाखतीला येणार नव्हते. डॉनह्यूकडे बँड नव्हता, टेबल नव्हतं, सोफा नव्हता. एक पाहुणा, एक विषय आणि पूर्ण एक तास, एवढंच भांडवल. त्याआधी तो रेडिओवर फोन-इन कार्यक्रम करायचा. घरी असलेल्या बायकांना पाककृती आणि शिवणटिपणापलीकडे किती काय बोलायचं असतं, हे त्याला त्या फोनांवरून कळलं होतं. प्रेक्षक मात्र मूळ योजनेत नव्हतेच. त्याच वेळेला आधी गाण्याबजावण्याचा एक कार्यक्रम चालायचा आणि त्याचे पास वाटून झाले होते. आलेल्या लोकांना दारातून परत कसं पाठवायचं? म्हणून बसवलं. आणि पहिली पाहुणी कोण, तर मॅडलिन मरे ओ'हेअर! सरकारी शाळांतल्या बायबलवाचनाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेली, १९६३ मध्ये जिंकलेली आणि अमेरिकाभर शिव्याशाप झेलणारी नास्तिक बाई. गाणी ऐकायला आलेल्या मंडळींपुढे हे प्रकरण. जाहिरातीच्या ब्रेकमध्ये प्रेक्षकांतून तिला प्रश्न यायला लागले आणि डॉनह्यूच्या लक्षात आलं की ते आपल्या प्रश्नांपेक्षा सरस आहेत. मग तो माइक घेऊन पायऱ्या चढून त्यांच्यात शिरला, तो पुढची एकोणतीस वर्षं त्यांच्यातच राहिला.

पहिल्याच आठवड्यात त्यानं बाळंतपणाची फिल्म दाखवली आणि शवपेटी घेऊन आलेल्या अंत्यविधी करणाऱ्या माणसाशी गप्पा मारल्या. १९६७ साली, दिवसाउजेडी, घरातली कामं चालू असताना! पण विषयांपेक्षा मला त्याचा हात जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या चित्रफिती बघाल तेव्हा लक्ष ठेवा: तो माइक प्रेक्षकाच्या तोंडासमोर धरतो, हातात देत नाही. आमच्याकडे नवा होस्ट आला की मी पहिली तंबी हीच देते. माइक एकदा हातात दिलात की माणूस भाषण सुरू करतो आणि तो परत मिळवताना तुम्ही उद्धट दिसता. माइक तुमच्याच हातात असेल तर नुसतं मनगट वळवून विषय बदलता येतो.

१९७४ मध्ये कार्यक्रम शिकागोला गेला, १९८५ मध्ये न्यूयॉर्कला, आणि १९९६ मध्ये थांबला. मधल्या काळात, १९८५-८६ मध्ये, त्यानं सोव्हिएत पत्रकार व्लादिमीर पोझनरबरोबर उपग्रहामार्फत लेनिनग्राड आणि सिअ‍ॅटल, नंतर लेनिनग्राड आणि बोस्टन इथल्या प्रेक्षकांना समोरासमोर आणलं. शीतयुद्ध चालू असताना दोन्हीकडची साधी माणसं एकमेकांना प्रश्न विचारत होती. मांडणी तीच, डेटनचीच, फक्त पायऱ्या दोन खंडांत.

त्याच मांडणीचा पुढे चोथा झाला, तेही सांगायला हवं. खुर्चीचा विषय निघालाच आहे तर, नोव्हेंबर १९८८ मध्ये हेराल्डो रिव्हेराच्या कार्यक्रमात वंशद्वेषी तरुण आणि त्यांचे विरोधक यांच्यात मारामारी झाली आणि फेकलेल्या खुर्चीनं होस्टचंच नाक मोडलं. टीआरपीवाल्यांनी त्यातून भलताच धडा घेतला. १९९५ मध्ये जेनी जोन्सच्या कार्यक्रमात एका पाहुण्याला "तुझ्यावर गुपचूप प्रेम करणारी व्यक्ती" दाखवण्यासाठी बोलावलं गेलं. ती व्यक्ती पुरुष निघाली. तीन दिवसांनी त्या पाहुण्यानं त्या माणसाचा गोळ्या घालून खून केला. तो भाग प्रसारित झालाच नाही. पाहुण्याला अंधारात ठेवून स्टेजवर "सरप्राइज" द्यायची कल्पना आमच्या मीटिंगमध्ये आजही कोणीतरी मांडतं. मी प्रत्येक वेळी ही घटना सांगते आणि पुढचा मुद्दा घेते.

ओप्रा विन्फ्री डॉनह्यूच्या खांद्यावर उभी राहिली आणि तिनं ते जाहीरपणे मान्यही केलंय. तिची सुरुवात मात्र अपयशाची. जन्म १९५४, मिसिसिपीतलं लहानसं गाव. १९७६ मध्ये बाल्टिमोरच्या स्टेशनवर बातम्या द्यायला आली आणि काही महिन्यांतच तिला मुख्य बातम्यांवरून उतरवलं. जळिताची बातमी करायला जायची आणि त्या माणसांसोबत स्वतःच हळवी व्हायची. वृत्तनिवेदिकेत हा दोषच. १९७८ मध्ये सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमावर तिची रवानगी झाली. ऑफिसच्या भाषेत याला "साइड पोस्टिंग" म्हणतात. ज्या गुणामुळे ती बातम्यांतून गेली, त्यानंच तिला इथे तारलं.

जानेवारी १९८४ मध्ये शिकागोतल्या सकाळच्या एका रडतखडत चाललेल्या, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमावर ती आली. डॉनह्यू त्याच शहरातून, त्याच वेळेला, देशभर दिसत होता. महिनाभरात शिकागोत तरी ती त्याच्या पुढे गेली. डॉनह्यू पाहुण्याला प्रश्न विचारायचा. ही पाहुण्याच्या शेजारी बसून "माझ्याही बाबतीत असंच झालं होतं" म्हणायची. होस्टनं स्वतःचं दुःख मधे ठेवायचं, हा पायंडा टीव्हीवर तिच्यामुळे पक्का झाला. आज सगळे रिअ‍ॅलिटी शो याच पुंजीवर जगतात, बहुतेक सगळे वाईट रीतीनं.

तिच्या कारकिर्दीतला निर्णायक क्षण कोणता असं विचारलं तर लोक गाड्या वाटल्या तो दिवस सांगतात. १३ सप्टेंबर २००४, प्रेक्षकांतल्या २७६ जणांना पॉन्टिअ‍ॅक गाड्या. (त्यावरचा कर मात्र त्या प्रेक्षकांनाच भरावा लागला, हे त्या जल्लोषात कोणाच्या ध्यानात नव्हतं.) माझं उत्तर वेगळं आहे: १९८८. ८ सप्टेंबर १९८६ पासून तिचा कार्यक्रम देशभर दाखवला जाऊ लागला होता. दोन वर्षांत तिच्या हार्पो कंपनीनं कार्यक्रमाची मालकी आणि निर्मिती स्वतःकडे घेतली आणि पाठोपाठ शिकागोत स्वतःचा स्टुडिओ उभा केला. हार्पो म्हणजे ओप्रा उलटं वाचलं की जे होतं ते. त्याआधी ती पगारी होस्ट होती. नंतर ती मालक झाली, आणि मालकाला विषय बदलता येतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाकीचे सगळे मारामाऱ्या आणि कुटुंबाची धुणी धुण्यात गुंतले असताना, सप्टेंबर १९९६ मध्ये तिनं दुपारच्या टीव्हीवर कादंबऱ्या वाचायचा क्लब सुरू केला. पगारी होस्टनं ही कल्पना वाहिनीच्या मीटिंगमध्ये मांडली असती तर चहा यायच्या आधी ती निकालात निघाली असती. तिनं नाव घेतलेल्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपायला लागल्या.

त्याच वर्षी तिच्यावर खटला गुदरला. मॅड काऊ रोगावरच्या भागात ती म्हणाली की आता बर्गर खायची हिंमत होणार नाही. गोमांसाचे भाव पडले म्हणून टेक्ससमधले गुरांचे व्यापारी कोर्टात गेले. १९९८ मध्ये अमारिलो शहरात सुनावणी होती. तिनं काय केलं? अख्खा कार्यक्रम उचलून अमारिलोला नेला. दिवसा कोर्ट, संध्याकाळी रेकॉर्डिंग. खटला जिंकली, आणि ज्युरी कशी वळवायची याचा सल्ला देणारा फिल मॅग्रॉ नावाचा मानसशास्त्रज्ञ तिथे भेटला, त्याला पुढे टीव्हीवर आणून "डॉ. फिल" केलं. २५ मे २०११ रोजी कार्यक्रम थांबला तेव्हा पंचवीस हंगामांत ४,५६१ भाग झाले होते. जानेवारी २०१२ मध्ये ती मुंबईत आणि जयपूरच्या साहित्य महोत्सवात आली होती, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

आणि डॉनह्यू? २००२ मध्ये तो एमएसएनबीसी वाहिनीवर परतला, पण नोकर म्हणून. फेब्रुवारी २००३ मध्ये, इराकयुद्धाच्या तोंडावर, त्याचा कार्यक्रम बंद केला गेला. त्या वेळी त्या वाहिनीवर सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम तोच होता. युद्धाला विरोध करणारा चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल, असं म्हणणारा अंतर्गत अहवाल नंतर बाहेर आला. २०२४ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक मिळालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला.

माझ्यासारख्या रिसर्चरच्या जातीला सर्वांत जवळचा होस्ट म्हणजे डेव्हिड फ्रॉस्ट. हा ब्रिटिश माणूस, मूळचा उपहासाच्या कार्यक्रमांतला, पाहुण्यांशी गोड बोलणारा म्हणून बदनाम. १९७७ मध्ये त्यानं राजीनामा दिलेले अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची मुलाखत घेतली, तीही सहा लाख डॉलर आणि नफ्यात वाटा कबूल करून. पैसे देऊन घेतलेली मुलाखत म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या नेटवर्कनी नाक मुरडलं. त्यानं स्वतःचे पैसे लावले आणि एकेक स्थानिक स्टेशन गाठून आपलंच तात्पुरतं नेटवर्क उभारलं. निक्सनच्या घरात चित्रीकरण होऊ शकलं नाही, कारण जवळच्या तटरक्षक दलाच्या रेडिओचा उपकरणांत अडथळा यायचा. म्हणून कॅलिफोर्नियात मोनार्क बीचवरचं दुसरंच घर भाड्यानं घेतलं. एकूण २८ तासांहून अधिक टेप, त्यातून दीड-दीड तासाचे चार भाग.

पहिले कित्येक दिवस निक्सन लांबलचक उत्तरं देत त्याला खेळवत होता. पण फ्रॉस्टचा रिसर्चर जेम्स रेस्टन ज्युनियर यानं आधीच वॉशिंग्टनमधल्या कोर्टाच्या कागदांतून निक्सन आणि त्याचा सहकारी कोल्सन यांच्या संभाषणाची लिखित प्रत शोधून काढली होती. ती कोणी वापरली नव्हती. ज्या प्रकरणात निक्सनची खुर्ची गेली त्या वॉटरगेटच्या सत्रापर्यंत त्यांनी ती दाबून ठेवली. मग फ्रॉस्टनं ती वाचायला सुरुवात केली आणि निक्सनचा चेहरा... तो भाग मिळवून बघाच. ४ मे १९७७ च्या त्या पहिल्या भागाला साडेचार कोटी प्रेक्षक होते. आमच्या धंद्यात फायलीतला जो कागद पहिल्या दहा मिनिटांत उडवला जातो, तो बहुतेक वेळा वाया जातो. होस्टला फाइल देताना मी एक पान वेगळं काढून माझ्याकडेच ठेवते आणि त्यातलं वाक्य कानात केव्हा सांगायचं ते मी ठरवते. होस्ट चिडतात. चिडू देत.

मायकल पार्किन्सनबद्दल थोडक्यात. यॉर्कशायरमधल्या खाणकामगाराचा मुलगा, वृत्तपत्रातला वार्ताहर, १९७१ पासून बीबीसीवर शनिवारी रात्री. दोन खुर्च्या, मधे टेबलाची भिंत नाही. मुहम्मद अलीशी त्याची चार वेळा गाठ पडली आणि चारही वेळा आपण हरलो असं तो मोकळेपणानं सांगायचा. १९७४ ची भेट बघा. अली चिडतो, वर्णद्वेषावर बोलायला लागतो आणि पार्किन्सनच्या हातातून मुलाखत निसटते. तरी तो ती परत मिळवायची केविलवाणी धडपड करत नाही. हे शिकवून येत नाही.

लॅरी किंगबद्दल माझं मत पूर्वग्रहाचं आहे. सीएनएनवर १९८५ ते २०१० अशी पंचवीस वर्षं पँटीला खांद्यावरचे पट्टे (सस्पेंडर) लावून बसलेला हा माणूस मुलाखतीची तयारी करत नाही म्हणून मिरवायचा. पुस्तक न वाचता लेखकाला बोलवायचा! रिसर्चरच्या पोटावर पाय. पण त्याचे प्रश्न पाच-सहा शब्दांचे असत, आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये रॉस पेरो या अब्जाधीशानं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची तयारी त्याच्याच कार्यक्रमात दाखवली. अडाण्यासारखा सोपा प्रश्न कधीकधी माझ्या वीस पानी फायलीपेक्षा जास्त काम करतो. हे मी ऑफिसात कबूल करत नाही.

आपल्याकडचं आता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि त्याच महिन्यात तबस्सुम यांचा "फूल खिले हैं गुलशन गुलशन" आला. देशातला पहिला टीव्ही टॉक शो म्हणून त्याचंच नाव घेतात. १९९३ पर्यंत, एकवीस वर्षं चालला. त्या स्वतः बालकलाकार म्हणून पडद्यावर आलेल्या, त्यामुळे समोरचा नट त्यांना घरचाच मानायचा. प्रश्न टोकदार नसत, पण मासिकांतल्या गुळगुळीत फोटोंपलीकडे सिनेमातली माणसं बसतात कशी, हसतात कशी, हे आपल्या घरांत पहिल्यांदा त्यांच्यामुळे दिसलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी "तबस्सुम टॉकीज" नावाचं स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं आणि तेच किस्से पुन्हा सांगितले, या वेळी स्वतःच्या मालकीचे. २०२२ मध्ये त्या गेल्या.

मांडणीच्या बाबतीत भारतात सर्वांत मोठी उडी १९९३ ची. रजत शर्मा यांनी झी टीव्हीवर "आप की अदालत" मध्ये पाहुण्याला खुर्चीऐवजी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. समोर टाळ्या वाजवणारा जनसमुदाय, बाजूला न्यायाधीश. पिंजरा लाकडाचा आणि लुटुपुटीचा, पण पुढाऱ्याला त्यात उभं राहावं लागलं यातच अर्धा प्रश्न विचारून झाला. प्रत्यक्ष प्रश्न मवाळ असले तरी चालून जातात, ही त्या लाकडाची किमया. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची इंडिया टीव्ही ही वाहिनी काढली आणि पिंजरा तिथे नेला. खुर्ची आणि करार दोन्ही ओळखलेला आपल्याकडचा हा ठळक माणूस; त्यांच्या पत्रकारितेबद्दल तुमचं मत काहीही असो. त्याच वर्षी आलेल्या करण जोहरच्या "कॉफी विथ करण"मधल्या सोफ्यानं उलटं केलं. पाहुणा इतका सैलावतो की नको ते बोलून बसतो. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना त्यासाठी निलंबन आणि पुढे प्रत्येकी वीस लाखांचा दंड सोसावा लागला.

मराठीत खरी परंपरा प्रकट मुलाखतीची, म्हणजे स्टेजची. दोन खुर्च्या, मधे टीपॉय, त्यावर फुलदाणी आणि झाकलेला पाण्याचा ग्लास. सुधीर गाडगीळांनी याच मांडणीत आयुष्यभर काम केलं. ती टीव्हीवर आणताना आमची एक चूक नेहमी होते. स्टेजवरचा मुलाखतकार सभागृहाकडे बघून कोटी करतो, हशा वसूल करतो आणि मग पाहुण्याकडे वळतो. टीव्हीच्या क्लोजअपमध्ये हेच केलं की तो पाहुण्याला विसरलाय असं दिसतं. आमच्याकडे स्टेजवरून आलेल्या होस्टच्या पहिल्या दहा भागांत मी कानात एकच शब्द म्हणत असते: "समोर".

जॉनी कार्सनला मी मुद्दाम शेवटी ठेवलं. १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२, एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर रात्रीचा "द टुनाइट शो", तीस वर्षं. टेबल त्याच्याआधी स्टीव्ह अ‍ॅलनकडेही होतं. पण त्या टेबलाशेजारच्या सोफ्याला दरबाराचा मान मिळाला तो कार्सनमुळे. नवा विनोदवीर स्टेजच्या पडद्यासमोर उभा राहून आपला कार्यक्रम सादर करायचा. तो संपल्यावर कार्सननं नुसत्या टाळ्या वाजवल्या तर घरी जायचं, आणि हात करून सोफ्यावर बोलावलं तर आयुष्य बदललं. १९८६ मध्ये एलेन डीजेनेरसला पहिल्याच वेळी असं बोलावणं आलं. स्त्री विनोदवीराच्या बाबतीत असं आधी घडलं नव्हतं. त्याच वर्षी जोन रिव्हर्सनं दुसऱ्या वाहिनीवर स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम घेतला. वर्षानुवर्षं कार्सनच्या गैरहजेरीत ती त्याची खुर्ची सांभाळायची. तो पुन्हा तिच्याशी कधीच बोलला नाही. दरबारी वागणूक सगळी.

त्याच्या शब्दाचं वजन बघायचं तर डिसेंबर १९७३. तेलटंचाईचे दिवस. एका खासदाराच्या विधानावरून त्यानं टॉयलेट पेपरच्या टंचाईबद्दल विनोद केला. दुसऱ्या दिवशी लोकांनी दुकानं रिकामी केली. नसलेली टंचाई खरी झाली आणि त्याला पडद्यावरून खुलासा करावा लागला.

आता करार. सुरुवातीच्या दहा वर्षांच्या, न्यूयॉर्कमधल्या त्याच्या बहुतेक टेप एनबीसीनं पुसून परत वापरल्या. टेप महाग होती आणि गप्पा कोण जपून ठेवणार? (मी हसत नाही. मी ज्या वाहिनीत होते तिथे आमचे दोन वर्षांचे भाग बीटाकॅमच्या त्याच कॅसेटवर क्रिकेटच्या बातम्यांखाली गेले. त्यात आता हयात नसलेली माणसं होती. करारात सगळे हक्क वाहिनीचे, त्यामुळे विचारायलाही तोंड नव्हतं.) १९८० मध्ये कार्सन सोडून जाण्याच्या बेतात होता. त्याला थांबवण्यासाठी एनबीसीनं जो करार केला त्यात कार्यक्रम तासाभराचा झाला, त्याची मालकी कार्सनच्या कंपनीकडे आली आणि नंतरच्या, रात्री साडेबाराच्या वेळेवरही तिचा हक्क आला. टेप पुढे कॅन्ससमधल्या जमिनीखालच्या मिठाच्या खाणीत ठेवल्या गेल्या, कारण तिथली हवा कोरडी आणि स्थिर असते. साडेबाराच्या वेळेत १ फेब्रुवारी १९८२ पासून डेव्हिड लेटरमन आला.

लेटरमनला हे शहाणपण उशिरा सुचलं. कार्सननंतर खुर्ची जे लेनो या विनोदवीराला मिळाली, म्हणून तो १९९३ मध्ये सीबीएस या दुसऱ्या वाहिनीकडे निघाला, तेव्हा एनबीसीनं सांगितलं की तो कार्यक्रमात वाचायचा ती दहा गोष्टींची विनोदी यादी वगैरे सगळी आमची मालमत्ता. त्याच्या कार्यक्रमातल्या एका लाडक्या पात्राला नव्या वाहिनीवर आपल्या खऱ्या नावानं, म्हणजे कॅल्व्हर्ट डिफॉरेस्ट म्हणून, यावं लागलं, कारण पात्राचं नाव एनबीसीकडे राहिलं. नव्या कार्यक्रमाची मालकी मात्र लेटरमननं आपल्या कंपनीकडे ठेवली. तुम्ही पहिलं कंत्राट सही कराल तेव्हा कार्यक्रमातल्या लहान लहान सदरांची नावं कोणाच्या नावे आहेत ते कलम वाचा. पगाराचा आकडा सगळेच वाचतात.

२२ मे १९९२ च्या शेवटच्या भागात कार्सननं पाहुणे बोलावले नाहीत. प्रेक्षकांत घरचे आणि सहकारी. निरोप घेताना तो टेबलामागे नव्हता, पडद्यासमोर एका स्टुलावर बसला होता. त्यानंतर तो टीव्हीवर जवळपास दिसलाच नाही. १३ मे १९९४ रोजी लेटरमनचा कार्यक्रम लॉस एंजेलिसमध्ये होता. यादीचा कागद घेऊन कार्सन स्वतः आत आला. लोक उभे राहिले. लेटरमननं बाजूला होऊन आपली खुर्ची पुढे केली. कार्सन टेबलामागे बसला, टाळ्या थांबेचनात. थांबल्या तेव्हा तो काहीतरी बोलणार असं वाटलं. तो तसाच उठला, लेटरमनशी हात मिळवला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.